यासीनभाईंचा मॉनिटर

यासीनभाईंच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी काळा मार्कर असतो. गावात कुठे पाटी, बॅनर, फलक दिसला आणि त्यावरचं एखादं टिंब द्यायचं राहिलेलं दिसलं, की हा माणूस मार्करचं टोपण दातात धरतो आणि टिंब देऊन मोकळा होतो. एकदा आमच्या गल्लीत एका म्हाताऱ्या तलाठ्यांचं तेरावं होतं. मांडवाबाहेर मोठा फ्लेक्स लावलेला, 'भावपूर्ण श्रद्धाजली'. घरच्या बाया रडत आहेत, भटजी बोलावतायत, आणि यासीनभाई प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून 'द्धा'च्या डोक्यावर टिंब देतायत. मोठा मुलगा धावत आला.

"चाचा, काय करून राह्यले?"

यासीनभाई वरूनच म्हणाले, "बाबू, तुह्या बापानं जिंदगीभर सातबारा बिनचूक लेहला. त्याले असं अर्धवट पाठवतं का बे?"

मग मुलानं खुर्ची धरली, चाचा पडू नयेत म्हणून.

माझं दुकान यासीनभाईंच्या दुकानाला लागून आहे. नांदुऱ्याला स्टेशनकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला दोन गाळे लागतात. एकात मी साड्यांना फॉल-पिको करते, दुसऱ्यात यासीनभाई लग्नपत्रिका करतात. मध्ये प्लायवूडची फळी. एकवीस वर्षं तिकडचं सगळं मला इकडे ऐकू येतं. त्यामुळे यासीनभाईंबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं अर्धं मी पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलेलं आहे.

गिऱ्हाईक प्रूफ पाहायला आलं की फळीपलीकडून आवाज येणार, "टिंब पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"सगळे?"

"हाव ना चाचा, सगळे."

"कितीक होते?"

इथे गिऱ्हाईक डोकं खाजवणार. मग यासीनभाई प्रूफ परत त्याच्या हातात देणार. "मोजून सांगा. तवरिक मी चहा सांगतो."

त्यांचा सगळ्यात जास्त जीव 'चि. सौ. कां.' मधल्या 'कां'वर. गावोगावचे लोक तिथलं टिंब खातात, आणि यासीनभाईंना ते सहन होत नाही. "ताई, हे टिंब गेलं त काय राह्यलं? चि. सौ. का? म्हंजे नवरीच इचारून राह्यली, का बाप्पा, काऊन करून राह्यले माह्यं लगन?"

शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. मग छापखान्यात खिळे जुळवायला लागले. मराठी त्यांनी खिळ्यांवरून शिकली, म्हणजे उलटी. आपल्या दुकानाच्या काचेवर लिहिलेलं नाव आतून आपल्याला उलटं दिसतं, ते यासीनभाई सरळ वाचतात आणि वर म्हणतात की सरळ बाजूपेक्षा उलटी बाजू जास्त शुद्ध आहे. छापखाना बंद झाला तेव्हा मालकानं त्यांना एक जुना लॅपटॉप दिला. मी त्याला जातं म्हणायचे, कारण तो उचलायला दोन माणसं लागत. त्यात मराठी टाईप करायचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं, ते त्या लॅपटॉपशिवाय दुसरीकडे कुठेही चालत नसे. ज्या कंपनीनं ते केलं ती बंद पडलेली. पण त्यातली अक्षरं यासीनभाईंच्या मनासारखी. "या 'क्ष'ची कंबर पाहा, ताई," ते फळीवरून डोकं काढून म्हणायचे. मी फॉल लावत असायचे. "पाह्यली," मी म्हणायचे.

मग त्या जात्याचा स्क्रीन खालून काळा पडायला लागला. पत्रिकेतलं 'आपले नम्र' दिसेनासं झालं, मग 'विवाहस्थळ', मग मुहूर्तसुद्धा. हे ऐकून पुण्याहून त्यांची मुलगी निलोफर हिनं नवा लॅपटॉप पाठवला. तो इतका पातळ की यासीनभाईंनी पहिल्याच आठवड्यात तो पत्रिकांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये ठेवला आणि दिवसभर शोधत बसले. नव्यात सगळं होतं. नुसता जुना टाईप नव्हता. जुन्यातली पत्रिका नव्यात उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, टक्के आणि प्रश्नचिन्हांचा चिवडा.

निलोफर फोनवर म्हणायची, "अब्बू, पुराना फेंक दो."

"फेकतो ना," यासीनभाई म्हणायचे, आणि फोन ठेवून फडक्यानं जातं पुसायचे.

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी जाहीर केलं, "मॉनिटर घेतो. एकच. मोठा. मधी ठिवतो, दोन्ही बाजूले दोन लॅपटॉप. पायजे तवा याची वायर, पायजे तवा त्याची."

मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्याचा पश्चात्ताप मला पुढचे सात महिने झाला.

अडचण भोकांची होती. जुन्या लॅपटॉपला मॉनिटर जोडायचं भोक निळं, पंधरा छिद्रांचं. नव्याला कवडीएवढी दोन. यासीनभाईंनी पत्रिकेच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर दोन्ही भोकं अचूक मापात काढली आणि तो पुठ्ठा घेऊन ते दुकानात जायचे. "या दोघायचं जमवायचं हाये," ते सांगायचे, जसं काही स्थळ घेऊन आलेत.

मला धागे, अस्तर, फॉल आणायला दर पंधरा दिवसांनी मलकापूर, खामगाव नाहीतर अकोल्याला जावं लागतं. "तुमी जाऊनच राह्यल्या त आमीबी येतो," यासीनभाई म्हणाले. आम्ही म्हणजे ते आणि त्यांची बायको, जुबेदाभाभी. दोन लॅपटॉप ठेवायला मी रेक्झिनची दोन कप्प्यांची पिशवी शिवून दिली. तो माझा दुसरा मूर्खपणा. पिशवी नसती तर कदाचित दोनदा जाऊन ते थकले असते.

मलकापूरच्या दुकानात नव्या लॅपटॉपला चालणारा मॉनिटर होता, पण त्याला निळं भोक नव्हतं. "काका, निळं आता कोणी ठेवत नाही. मधी हा कन्व्हर्टर लावा, चालते," दुकानदार म्हणाला.

यासीनभाईंनी कन्व्हर्टर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मधी दलाल नको," ते म्हणाले.

खामगावला एक जुना, वापरलेला, चौकोनी मॉनिटर मिळाला. जातं त्याला लगेच लागलं. "हा त घरचाच वाटते!" यासीनभाई खूश. पण नवा लॅपटॉप त्याला ओळख द्यायला तयार नाही. पुढच्या खेपेला तिथेच दुसऱ्या दुकानात दोन्ही सोयी असलेला एक रुंद मॉनिटर सापडला. नवा एका छोट्या वायरनं लागला, जुना निळ्यानं लागला. मी मनातल्या मनात हात जोडले. यासीनभाईंनी जुन्यावर 'चि. सौ. कां.' उघडलं आणि मागे सरकून पाहिलं. जुन्या लॅपटॉपचं चित्र चौकोनी, मॉनिटर रुंद, त्यामुळे सगळं आडवं ताणलं गेलं होतं.

"हे टिंब नोय, ताई," ते म्हणाले, "हे जिरं हाये."

परत.

त्या दिवशी माझा जांभळा धागा घ्यायचा राहिला. एका गिऱ्हाइकाच्या जांभळ्या पैठणीला मी मरून रंगाचा धागा लावला आणि दोन वर्षांची ओळख गमावली. भाभी रस्त्यात मला गुपचूप खारे दाणे द्यायच्या आणि म्हणायच्या, "गुस्सा मत हो, शोभा. मेरे को तो घर में भी यही है." मी रागावलेली नव्हते. मी त्याच्या पलीकडे गेले होते.

संक्रांतीनंतर तक्रार बदलली. आता टिंब चपटं आहे असं ते म्हणत नव्हते. आता म्हणायला लागले, "मधी डाग हाये." दुकानदार स्क्रीन पुसायचा. "तरी हाये." तो दुसरा बॉक्स फोडायचा. "याच्यातबी हाये." कधी म्हणायचे ओळ मध्येच वाकते. कधी म्हणायचे अक्षराचं पोट दिसते, डोकं दिसत नाही. खामगावच्या त्या दुकानदाराची इतकी हालत झाली की आम्ही रिक्षातून उतरताना दिसलो की तो शटर अर्धं ओढून घ्यायचा आणि आतून 'जेवण चालू आहे' म्हणायचा. सकाळी अकराला.

मी फळीवरून विचारलं, "यासीनभाई, सगळ्याच कंपन्यांच्या मॉनिटरले डाग कसा अशीन?"

"जमाना खराब हाये, ताई. माल बनवत नाईत, नुसते बनवतात," ते म्हणाले.

लग्नसराई आली. पूर्वी या दिवसांत फळीपलीकडे उभं राहायला जागा नसायची. आता लोक मोबाईलवर पत्रिका पाठवतात, तरी देवापुढे ठेवायला आणि मामाला द्यायला छापून घेतात. अशीच एक पत्रिका माझ्याकडे आली, ओळखीच्या घरची. मी सवयीनं पाहिली आणि मला हसूच फुटलं. 'चि. सौ. का.' टिंब नाही! खाली छापणाऱ्याच्या जागी यासीनभाईंचं नाव. एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात हुकमाचं पान आलं होतं. मी नाचत नाचत त्यांच्या दुकानात गेले.

"काऊन हो यासीनभाई, नवरी काय इचारून राह्यली?"

त्यांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली. मग लांब नेली. मग तिरकी धरली. "जुन्या लॅपटॉपचं काम हाये," शेवटी म्हणाले. "अर्धा काळा स्क्रीन. दिसतच नाई."

दोन दिवस त्यांनी दुकान उघडलं नाही. त्या नवरीच्या घरी जाऊन उरलेल्या पत्रिका परत मागून आणल्या. त्या घरात कोणालाही चूक कळलेली नव्हती, त्यांना वाटलं चाचा काही शुभ-अशुभ म्हणून मागतायत. यासीनभाईंनी बसून एकेका पत्रिकेवर बारीक पेनानं टिंब दिलं. त्यातल्या चार-पाच मी पाहिल्या. टिंब 'कां'वर नव्हतं. थोडं बाजूला, मोकळ्या जागेत होतं. एकात तर 'सौ' आणि 'का' यांच्या मधोमध. मला वाटलं, घाईत दिली असतील. इतकी वर्षं हा माणूस माझ्या बाजूला बसलेला, मी दिवसभर सुईत दोरा ओवणारी बाई, आणि मला असं वाटलं.

मे महिन्यात आम्ही अकोल्याला गेलो. मी ठरवलं होतं, ही शेवटची खेप. ऊन असं की पिशवीतलं रेक्झिन मऊ झालेलं. दुकानदार पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्यानं पुठ्ठ्यावरची दोन भोकं पाहिली, हसला नाही. निळं भोक असलेला मॉनिटर काढला, नव्या लॅपटॉपसाठी एक छोटी वायर काढली, दोन्ही जोडून दाखवले. मग यासीनभाईंनी सांगायच्या आधीच त्यानं मॉनिटरच्या खालची बटणं दाबून जुन्याचं चित्र चौकोनी करून दिलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, मध्ये पत्रिका, आणि 'कां'वर वाटोळं टिंब. इतकं सोपं होतं ते. खामगावात कोणाला ही बटणं माहीत असती तर आम्ही होळीच्या आत सुटलो असतो.

"झालं!" मी म्हणाले. "यासीनभाई, बसलं ना जोडपं?"

ते वाकून पाहत होते. "मधी डाग हाये," ते म्हणाले.

दुकानदारानं दुसरा बॉक्स फोडला. मग तिसरा. मग चौथा. चारही एका रांगेत लावले. आमची गाडी पाचची. साडेतीन वाजून गेलेले, माझा एकही धागा घेतलेला नव्हता.

मी त्या थंडगार दुकानात, भाभींसमोर, परक्या माणसासमोर ओरडले. "तुमाले मॉनिटर घ्यायचाच नाई, यासीनभाई! तुमाले नुसतं दुसऱ्याच्या मालात खोट काढायची हाये. सात महिने मी तुमच्या मागं पिशवी घेऊन फिरून राह्यली. जगात सगळंच चुकलेलं अन् तुमीच तेवढे बरोबर का?"

दुकानदारानं मला हातानं थांबवलं. त्यानं चारही मॉनिटर कोरे पांढरे केले. "काका, डाग कुठे आहे? बोट ठेवा."

यासीनभाईंनी पहिल्या मॉनिटरच्या मधोमध बोट ठेवलं. दुसऱ्याच्याही मधोमध. तिसऱ्याच्याही.

"आता या भिंतीकडे पाहा. तिथे आहे का?"

यासीनभाई भिंतीकडे पाहत राहिले. "हाये," ते हळूच म्हणाले. "भिंतीलेबी हाये."

"बरं. आता ताईंकडे पाहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी सरळ, नेहमी पाहतात तसं. मी अजून रागात होते, मीही रोखून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"शोभाताई," ते म्हणाले, "तुमी आज टिकली नाई लावली?"

माझा हात कपाळाकडे गेला. टिकली होती. मरून, मोठी, रोजचीच. भाभींनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि हातातली पाण्याची बाटली घट्ट धरली.

दुकानदारानं दोन गल्ल्या पलीकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता एका बिलाच्या मागे लिहून दिला. "तुम्ही जा. बॉक्स मी भरतो," तो म्हणाला. त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवलं, आतले फोटो काढले. मग सांगितलं, "पडदा खराब झाला आहे."

भाभींना वाटलं, बाई मॉनिटरबद्दलच बोलतायत. "हां जी," त्या म्हणाल्या, "वो तो चारों खराब निकले."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावून सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा, त्याचा मधला भाग. मधलं जातं, कडेचं राहतं. डावा डोळा आधीच गेलेला, उजव्या डोळ्यावर मदार होती, आता तोही धरला. चष्म्यानं होणार नाही. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, त्यानं उरलेलं कदाचित टिकेल. गेलेलं येणार नाही.

पाचची गाडी गेली होती. पुढच्या गाडीची वाट पाहत आम्ही अकोल्याच्या फलाटावर बसलो. यासीनभाईंच्या डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा, मांडीवर दोन लॅपटॉपची पिशवी.

"कधीपासून होतं?" मी विचारलं.

"सात-आठ महिने."

"मंग बोलले काऊन नाई?"

त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मले वाटलं मॉनिटरमधी अशीन. मॉनिटर बदलता येते, ताई."

मी त्यांची माफी मागायला हवी होती. मी उठले आणि तिघांसाठी चहा घेऊन आले. तेवढंच जमलं मला.

त्यानंतर दुकान बंदच होतं. फळीपलीकडे काही आवाज नाही. मी माझी मशीन चालवायची आणि मध्येच थांबायची, पलीकडे कोणी टिंबं मोजतंय का ऐकायला.

एक दिवस मोताळ्याकडच्या एका खेड्यातून एक बाई आली, कमलाबाई नावाची. बंद शटर पाहून माझ्या दारात उभी राहिली. कपाळ कोरं होतं.

"पत्रिकावाले चाचा कधी येतीन?"

"काय काम हाये?"

"माह्या लग्नाची पत्रिका पायजे."

मला कळेना. ती म्हणाली, तिचा नवरा गेला. नवऱ्याच्या जागी तिचं नाव लावायचे कागद करायचे तर लग्न झाल्याचा पुरावा मागतात. लग्न नोंदवलेलं नव्हतं. घरातली पत्रिका वाळवीनं खाल्ली. "चाचा ठिवते म्हणतात सगळ्यायच्या. माह्या जावेले काढून देल्ली होती."

मी त्यांच्या घरी जाऊन यासीनभाईंना सांगितलं. ते आंघोळ न केलेले, लुंगीवर बसलेले होते. ऐकलं आणि शर्ट मागितला. भाभींचा दंड धरून दुकानात आले, जातं सुरू केलं. अर्धा काळा स्क्रीन, त्यावर नावं नाहीत, नुसती आकड्यांची लांबच लांब यादी. त्यांना काही दिसत नव्हतं. मी बाजूला बसून वाचू लागले. ते सांगायचे, त्या वर्षी पाऊस लांबला होता, लग्नं वैशाखात गेली होती, खाली या, अजून खाली. अडीच तासांनी पत्रिका सापडली. कमलाबाईनं छापलेल्या कागदावरून बोट फिरवलं, एकदा तिच्या नावावरून, एकदा त्याच्या. यासीनभाईंनी तिला पाच प्रती दिल्या. "हापिसात एक ठिवून घेतीन. एक हरपते. बाकीच्या तुमी ठिवा."

ती गेल्यावर मी विचारलं, "अशा किती जणी येतात?"

"येतात. महिन्यात एखांदी."

आणि मला फळीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकू येणारे बायांचे आवाज आठवले. मला वाटायचं मुलांच्या लग्नाच्या पत्रिका टाकायला येतात.

"जुना बंद पडला त सगळ्या जातीन," यासीनभाई म्हणाले. "निलोफर म्हणते फोटो काढून ठिवा. फोटोत नाव शोधता येते का? बाई दारात उभी हाये, तिले हजारो फोटो दाखवू? टाईप केलेलं असलं म्हंजे नाव टाकलं की पत्रिका हाजिर. म्हणून म्हणलं, मधी मॉनिटर ठिवायचा. जुन्यात पाहायचं, नव्यात मारायचं."

पुढच्या खेपेला मी एकटी अकोल्याला गेले. त्या दुकानदारानं चारातला एक बॉक्स बाजूला काढून ठेवला होता, वर यासीनभाईंचं नाव लिहून. मी काहीही न तपासता घेऊन आले. दोन्ही लॅपटॉप त्याला लागले. सात महिने ज्याच्यासाठी फिरलो ते सगळं दहा मिनिटांत झालं, आणि कोणालाच आनंद झाला नाही.

आता रोज दुपारी दोन ते चार मी माझं दुकान अर्धं ओढून घेते आणि पलीकडे जाऊन बसते. मॉनिटरवर जुनी पत्रिका लावते आणि वाचते. "चि. सौ. कां., 'कां'वर टिंब." यासीनभाई नव्या लॅपटॉपवर टाईप करतात. त्याला डोळे लागत नाहीत, बोटांना सगळं पाठ आहे. मग वायर बदलून मी तपासते. त्यांची चूक क्वचित निघते. माझीच निघते. "वाचताना तुमी टिंब गिळता," ते मला म्हणतात.

सुरुवात त्यांनी सगळ्यात जुन्या पत्रिकांपासून केली आहे. "जुन्या बायायले आधी लागते," म्हणाले. दिवसाला आठ होतात, फार तर दहा. यादी संपत नाही. इंजेक्शनं चालू आहेत, दर महिन्याला अकोला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हवा तसा फरक नाही. जातं मधूनच बंद पडतं आणि आम्ही दोघं श्वास धरून बसतो. हे काम पुरं होणार नाही, हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत असावं. आम्ही त्यावर बोलत नाही.

यासीनभाई आता कोणाशी बोलताना त्याच्याकडे पाहत नाहीत. दाराच्या चौकटीकडे नाहीतर कॅलेंडरकडे पाहतात. नवीन माणसाला वाटतं, चाचा रागावलेत. तसं नाही. सरळ पाहिलं तर समोरचं माणूस त्यांना दिसत नाही, बाजूला पाहिलं की कडेनं थोडं दिसतं.

जुबेदाभाभीही दुपारी येऊन बसतात. त्यांना मराठी वाचता येत नाही, लॅपटॉपमधलं काही कळत नाही. एक लाकडी स्टूल आहे, त्यावर बसून भाजी निवडतात. पहिले काही दिवस स्टूल मॉनिटरच्या बाजूला होतं, पंख्याखाली. मग ते पत्रिकांच्या नमुन्यांपाशी गेलं. परवा पाहिलं तर पार दारापाशी, उन्हाच्या तिरिपेत.

"भाभी, तिथं काऊन बसल्या? ऊन लागून राह्यलं, वाराबी येत नाई. इकडे या."

भाभींनी मेथीची जुडी मांडीवर घेतली. "पिछले महीने उधर से दिखती थी मैं इनको," त्या म्हणाल्या. "अब इधर से दिखती."

यासीनभाई समोरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. बोटं लॅपटॉपवर तयार ठेवलेली.

"हाव," ते म्हणाले, "दिसून राह्यली. घ्या ताई, पुढची घ्या."